मी म्हणजे कोण?

“आकडा नाही सांगणार,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

गेल्या जूनमधली दुपार होती. आदल्या दिवशी माझा फोन हातातून निसटून फरशीवर पडला होता, तो दुरुस्तीला दिलेला, म्हणून मी घरातल्या दुसऱ्या नंबरवरून सरांना फोन लावला होता. सकाळी त्यांचा मेल आला होता: प्रिंटर कागद ओढतो पण कोराच बाहेर टाकतो, सवड झाली की बघ. चिपळूणला पाऊस चांगलाच लागला असावा. पडवीच्या पत्र्यावर वाजणारा त्याचा ताशा मला साताऱ्यात ऐकू येत होता. मी नेहमीसारखं म्हटलं, “सर, ते उघडा आणि आकडा सांगा.” ते म्हणजे स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम. त्यातला आकडा कळला की मला साताऱ्यात बसून त्यांचा कॉम्प्युटर चालवता येतो. पलीकडे नुसता पाऊस. मग प्रश्न आला, “कोण बोलतंय?” मी नाव सांगितलं, फोन पडल्याचं सांगितलं. “आवाज तिचाच आहे,” ते शेजारी बसलेल्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले, “पण नंबर तिचा नाही.” मी प्रिंटरची आठवण दिली. “मेल काय, कुणीही वाचू शकतं.” बारा वर्षांची ओळख आहे सर, मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा चढलाच. ते चिडले नाहीत. वर्गातल्या मुलाला ‘बस खाली’ म्हणावं तितक्या शांतपणे म्हणाले, “असेल. आकडा नाही सांगणार.”

मला ते लागलं. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायलाच विसरले. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी सरांच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर, पुस्तकांची दोन कपाटं, सगळं चिखलात गेलं. वाचलं ते एकच: कोकणातल्या गावांच्या नावांवर त्यांनी पंधरा वर्षं जमवलेलं लिखाण. पुराच्या महिनाभर आधी मी त्यांच्या कॉम्प्युटरवर असताना तो फोल्डर माझ्याकडे उतरवून घेतला होता. जुन्या श्रीलिपी फाँटमधल्या त्या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या होत्या, एवढंच कारण. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी सरांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून मला विचारलं होतं, “तुझ्याकडे आहे ना गं ते?” आहे सर, मी म्हटलं होतं. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नव्हतं. अनोळखी नंबर होता, पण मी एका शब्दानं विचारलं नव्हतं, तुम्ही कोण म्हणून. आणि आता तेच सर मला नऊ-दहा आकडे सांगायला तयार नव्हते.

घरी बसून लांबच्या लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. २००६ मध्ये एका दुकानात लागले तेव्हा दुरुस्ती म्हणजे स्कूटरला किक मारून गिऱ्हाइकाच्या घरी जाणं, सीपीयू उघडून धूळ झटकणं, निघताना हातावर ठेवलेला लाडू रुमालात बांधून आणणं. आता खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो आणि समोरच्या स्क्रीनवर दुसऱ्याचं घर. साताऱ्यातले दोन सीए, कराडचा एक दवाखाना, सावंतवाडीकडचा काजूचा एक कारखाना, सांगलीच्या एक काकू, ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि आईच्या कॉम्प्युटरचे पैसे तिथून मला पाठवतो. स्क्रीन दिसायच्या आधी या कामात कान लागतो. कुकरची शिट्टी झाली की समजायचं, काकू दोन मिनिटांत उठणार. “तीन दिवे हिरवे आहेत, एक लुकलुकतोय, एक मेलाय.” कुठला मेलाय असं विचारलं की माणूस चष्मा शोधायला जातो. घरभर नेट वाटणारा राउटर कधी टीव्हीच्या डोक्यावर क्रोशाच्या रुमालाखाली घामेजत बसलेला असतो, कधी शोकेसमध्ये ट्रॉफ्यांच्या मागं. दर भाद्रपदात ‘नेट गेलं’ म्हणून दोन-तीन फोन ठरलेले. मी आधी विचारते, मखर कुठं मांडलंय? आणि मग मखराच्या मागून, कापराच्या डबीशेजारून, निखळलेली वायर सापडते.

राउटर या डबीएवढ्या वस्तूशी माझं वीस वर्षांचं नातं आहे. जवळपास प्रत्येक घरात तिचा पत्ता सारखाच निघतो: १९२.१६८.१.१, नाहीतर शेवटून एक आकडा इकडं-तिकडं. चिपळूणला तोच, सांगलीला तोच, न्यू जर्सीतही तोच. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी चक्रावले होते. इतक्या घरांचा एकच पत्ता असेल तर पत्र पोचतं कसं? इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे जाणकारांना नव्वदच्या दशकातच दिसलं. मग काही आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. हे ठरवणारा १९९६ चा दस्तऐवज अजून लागू आहे. हे आकडे ज्याला हवे त्यानं घरात वापरावेत, रस्त्यावर आणू नयेत. रस्त्यावर अख्ख्या घराचा मिळून एक पत्ता, आत प्रत्येकाचा वेगळा, आणि मधे बसून अदलाबदल करणारा राउटर. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. १९९४ मध्ये ती मांडली गेली तेव्हा कायमचा इलाज निघेपर्यंतची सोय म्हणूनच मांडली होती. पत्त्यांचं मुख्य कोठार ३ फेब्रुवारी २०११ ला रिकामं झालं. आता १२८ बिटांचे नवे पत्तेही आलेत, पण तात्पुरत्या सोयीवर अजून आपली घरंच्या घरं चालली आहेत.

मला ते समजलं आमच्या वाड्यातल्या फोनमुळे.

साताऱ्यात आम्ही भाड्यानं राहायचो त्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि एक फोन, मालकांच्या माजघरात, लाकडी फळीवर. वडिलांच्या प्रत्येक अर्जावर नंबरापुढे पी. पी. लिहिलेलं असायचं, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा. नऊही बिऱ्हाडांचा नंबर तोच. आमच्यापैकी कुणी सोलापूरला ट्रंककॉल लावला की मालकीणबाई वहीत लिहायच्या: कुणी, कुठं, किती वाजता. तासाभरानं घंटी वाजून ‘सोलापूर’ असं ऐकू आलं की त्या वही बघून जिन्याखालून हाक मारायच्या, “जिन्यावरच्यांचा कॉल!” पण भलत्याच कुणाचा फोन आला, नाव नाही, गाव नाही, नुसतं ‘तिकडं राहतात ना त्यांना द्या’, तर त्या तरी कुणाला हाक मारणार? रिसीव्हर ठेवून द्यायच्या. राउटरची वही अशीच असते. आतल्या कुणी बाहेर काही मागितलं की तो नोंद करतो, उत्तर आलं की नोंद बघून त्या खोलीत पोचवतो. ज्याची नोंद नाही ते तिथंच टाकून देतो. त्यात राग नसतो. कुणासाठी आलंय हेच त्याला ठाऊक नसतं.

आणि घोडं इथंच पेंड खायचं. बिघाड आत, मी बाहेर, आणि वहीत माझी नोंद नाही.

दुकानातल्या दिवसांत मी व्हीएनसी वापरायला शिकले. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात तयार झालेला तो प्रोग्राम, फुकट, जेमतेम, पण मंद ब्रॉडबँडवरसुद्धा दुसऱ्याची स्क्रीन चौकोन-चौकोन करत आणून द्यायचा. सरळ पद्धतीत मी गिऱ्हाइकाच्या ५९०० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका दारावर, धडकायचं, आणि राउटर मला हाकलून द्यायचा. उलटी पद्धत अशी की मी माझ्याकडे ५५०० नंबर उघडा ठेवून वाट बघत बसायचं आणि गिऱ्हाइकानं आतून माझ्याकडे यायचं. मी एक छोटी फाइल बनवून मेलनं पाठवायचे, ती दोनदा क्लिक केली की त्यांचा कॉम्प्युटर माझ्या दारात. माझा स्वतःचा पत्ता मोडेम बंद-चालू झाला की बदलायचा, म्हणून तो एका नावाला बांधून ठेवावा लागायचा. कटकटीचं होतं, लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून करावं लागायचं. पण त्या पद्धतीत एक गोष्ट मला आजही आवडते. दार उघडं ठेवायचं ते माझं. धोका असला तर माझ्या घराला.

पुढं मी ते सोडलं. कारण साधं होतं, गिऱ्हाइकांना घाई होती आणि मलाही. राउटरच्या पानावर जाऊन, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असा जन्मापासूनचा पासवर्ड टाकून, आत एक कायमची वाट पाडता येते: या नंबरवर कुणीही आलं तरी त्या कॉम्प्युटरकडे सोड. काजूच्या कारखान्यातल्या हिशेबनिसांना रात्री घरून टॅली बघायची होती. मी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ नंबर उघडून दिला. पासवर्ड त्यांना लक्षात राहील असा, कारखान्याचं नाव आणि १२३. त्यांनी माझं कौतुक केलं, मालकांनी काजूची दोन पाकिटं पाठवली. इंटरनेटवर असे उघडे नंबर शोधत दिवसरात्र फिरणारे प्रोग्राम असतात आणि ते दमत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून केलं. दीड वर्षानं एका सोमवारी सकाळी हिशेबनिसांचा फोन आला: सगळ्या फाइलींच्या नावापुढे काहीतरी विचित्र अक्षरं लागलीत, एकही उघडत नाही, आणि मधोमध इंग्रजीत चिठ्ठी आहे, पैसे मागणारी. बॅकअपची डिस्क? ती कॉम्प्युटरलाच लावून ठेवलेली. तीही गेली.

मी एसटीनं सावंतवाडीला गेले. साडेचार महिन्यांची बिलं कागदावर होती, ती आम्ही तिघांनी मिळून अकरा दिवसांत पुन्हा भरली. कारखान्यात टरफलांच्या तेलाचा वास कपड्यांत मुरतो, घसा धरून येतो. बाहेरच्या शेडमध्ये बायका बी फोडत बसलेल्या असायच्या, हात राखेनं पांढरे, आणि त्यांच्या मजुरीचे आकडे मी वहीतून बघून बघून टाकत होते. कुणाचे किती किलो, कुणाची उचल किती. एका बाईंची उचल माझ्या हातून दोनदा वजा झाली, शनिवारी त्यांनी येऊन विचारलं. चूक सुधारली, पण त्यांना येऊन विचारावं लागलं, आणि विचारताना त्या दारातच उभ्या राहिल्या होत्या, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. मालक मला काही बोलले नाहीत. रोज चार वाजता चहा पाठवत राहिले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, वाट मी पाडली होती. ते म्हणाले, “ताई, मागितली आम्हीच.” ते खरं असलं तरी पुरेसं नव्हतं. मागणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला होता.

त्यानंतर मी कुठल्याही घराच्या भिंतीला भोक पाडलेलं नाही. पुढंपुढं तर पाडणं शक्यही राहिलं नाही. फायबर आलं, मोबाइलच्या नेटवर घरं चालायला लागली, आणि राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून जो पत्ता दिसायचा तो १०० नं सुरू व्हायला लागला. १००.६४ पासून पुढचे सुमारे ४२ लाख पत्ते २०१२ मध्ये सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. म्हणजे राउटरच्या बाहेर आणखी एक राउटर, शेकडो घरांचा मिळून एक. वाड्याच्या मालकांचाच नंबर पी. पी. झाला. तिथं तुमच्या घरातली वाट उघडून काही उपयोग नाही, कारण ती रस्त्यावर जातच नाही. लोक तक्रार करायचे, कॅमेरा बाहेरून दिसत नाही, ऑफिसचा कॉम्प्युटर लागत नाही. मी त्यांना समजावायचे आणि मनातल्या मनात मला हायसं वाटायचं.

आता मी काय, माझ्यासारखे इतर काय, सगळे तिसऱ्या जागेवर भेटतो. दोन्ही कॉम्प्युटर आतून बाहेर जातात, एका मधल्या सर्व्हरला आपण जागे असल्याचं कळवतात, आणि तो प्रत्येकाला एक आकडा देतो. गिऱ्हाइकानं आकडा सांगितला की मधला दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर तो दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता सांगून म्हणतो, आता दोघंही एकदम एकमेकांकडे पाठवा. दोन्ही राउटरांना वाटतं, बोलणं आपल्याच माणसानं सुरू केलंय, नोंद आहे वहीत, येऊ दे. मग मधला बाजूला होतो. नाही जमलं तर शेवटपर्यंत तोच निरोप पोचवत बसतो आणि माउसचा बाण जरा मागं राहतो. मधे फार वेळ शांतता झाली तर राउटर नोंद पुसून टाकतो. काही राउटर अर्ध्या मिनिटातच. म्हणून हे प्रोग्राम काही काम नसतानाही थोड्या थोड्या वेळानं रिकामं पाकीट पाठवत राहतात, मी अजून आहे, एवढंच सांगायला. सर असेच कधीकधी फोन करतात. “काही नाही गं, बिघडलंय वगैरे काही नाही,” म्हणतात, आणि पावसाचं विचारतात.

आत गेल्यावर जे दिसतं त्याबद्दल मी घरीही बोलत नाही. आधी सांगते, उघडं असेल ते बंद करा, मग आकडा द्या. तरी काहीतरी राहतंच. डॉक्टरांचा रिपोर्ट, अर्धवट लिहिलेला राजीनामा, नातवंडाचा फोटो, त्यावर नातवंडाच्या कपाळापर्यंत आलेले फोल्डर. माझं लक्ष कुठं आहे ते पलीकडच्याला दिसत नसतं, तरी मी नजर वळवते. सांगलीच्या काकूंच्या कॉम्प्युटरवर सुरुवातीला नाव येतं ते काकांचं. काका जाऊन सहा वर्षं झाली. मी एकदा विचारलं, तुमचं नाव घालू का? “नको,” त्या म्हणाल्या, “सकाळी तेवढंच एकदा दाबते.” दोघांचा हात एकाच बाणावर असतो तेव्हा बाण थरथरतो, कुणाचं ऐकावं त्याला कळत नाही, मग मी म्हणते, माउस सोडा, आणि बाण शांत होतो. कुणीतरी आपला हात उचलून घेतल्याचं ते दिसणं मला दर वेळी जाणवतं. आणि विंडोज जेव्हा मोठी परवानगी मागतं तेव्हा कित्येकदा माझी स्क्रीन काळी होते. मला काहीच दिसत नाही. तिथं बसलेल्या माणसानं स्वतः वाचून ‘होय’ दाबायचं असतं. मी नुसती थांबते.

सरांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा आम्ही नोटपॅडवर बोलायला लागलो. एकच पान, दोघांचे शब्द. मी एकदा घाईत लिहिलं, ‘मला माहित नाही, बघते.’ बाण मागं गेला, ‘हि’ पुसली गेली, ‘ही’ आली. मग पुढच्या ओळीत: ‘माहीत दीर्घ, माहिती ऱ्हस्व. आता बघ.’ प्रिंटरचं काम वीस मिनिटांत झालं आणि त्यानंतर तासभर ते मला गावांच्या नावांतल्या ‘वली’बद्दल लिहून सांगत होते. दुसऱ्याच्या हातानं माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं उमटत होती. एक बोट, सावकाश, पण एकही चूक नाही.

ही सगळी वर्षं मी लोकांना काय शिकवत होते ते मला २०१९ मध्ये कळलं. त्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं की स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप फोनवर घ्यायला लावून, तो नऊ आकडी नंबर विचारून, लोकांचे पैसे काढले जातात. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि आठवडाभरात कराडच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट मुलीचा फोन आला. रडत होती. “ताई, तुमच्यासारखंच बोलत होता तो. हळू, समजावून. म्हणाला, घाबरू नका, ते उघडा आणि आकडा सांगा.” तिच्या खात्यातून पगार गेला होता, आईनं ठेवायला दिलेले पैसे गेले होते. अशा फसवणुकीची तक्रार करायला आजच्यासारखा १९३० हा नंबर तेव्हा नव्हता. बँक, पोलीस चौकी, अर्ज, पुन्हा बँक. तिला मी काय सांगणार? फोन येईल, आवाज मऊ असेल, तो सांगेल तसं कर, आकडा वाच: ही सवय तिला मीच लावली होती. दर महिन्याला, वर्षानुवर्षं, माझ्या सोयीसाठी. त्या माणसानं फक्त माझी जागा घेतली.

त्या रात्री मी एक पान लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि सगळ्यांना पाठवलं. आकडा फोनवर मागणाऱ्या कुणालाही सांगू नका. आधी फोन ठेवा. मग तुमच्या डायरीत लिहिलेल्या माझ्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. बहुतेकांनी अंगठ्याचं चित्र पाठवून पोचपावती दिली. नंतर मीही विसरले. गडबडीत स्वतःच फोन लावून आकडा मागत राहिले, आणि लोक देत राहिले.

वाड्याला मोठा दरवाजा होता, त्यात दिंडी दरवाजा. दिवेलागणीनंतर मोठा बंद, दिंडीला आतून अडसर. आम्ही मुलं खेळून उशिरा आलो की कडी वाजवायचो. आजी आतून विचारायची, “कोण?” मी म्हणायचे, “मी!” “मी म्हणजे कोण?” आवाज ओळखत असणारच ती, मला तिनंच वाढवलं होतं. तरी पूर्ण नाव सांगितल्याशिवाय अडसर निघायचा नाही. थंडीत पाय गारठलेले असायचे आणि मला तिचा इतका राग यायचा. गॅसजवळ उभी राहून, थंड आधणाकडे बघताना, मला तो राग जसाच्या तसा आठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन दुरुस्त होऊन आला. चालू केल्याबरोबर मिस्ड कॉलचे मेसेज आले, सरांच्या नंबरवरून सहा. पहिला, मी फोन केल्यानंतर दोन मिनिटांतला. शेवटचा रात्री पावणेअकराचा. खाली त्यांचा मेसेज होता, देवनागरीत, विरामचिन्हांसकट:

‘तुझ्या नावाने आज दुपारी एका बाईंचा फोन आला होता. आवाज हुबेहूब तुझा. प्रिंटरचेही माहीत होते, म्हणजे माझे मेल कुणी वाचत असावे. मी काही सांगितले नाही. तू सावध राहा. तुझा फोन बंद येतो आहे, काळजी वाटते.’

मी खुर्चीत बसून ते तीनदा वाचलं. रात्री पावणेअकरापर्यंत हा माणूस जागा होता. नऊला झोपणारा. मग फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. “सर, ती मीच होते,” मी म्हटलं. पाऊस थांबला असावा, मागं एक बेडूक ओरडत होता. “असं?” ते म्हणाले. “थांब. फोन ठेव. मी करतो.” आणि ठेवला.

अर्ध्या मिनिटानं फोन वाजला. स्क्रीनवर ‘सर चिपळूण’. “आता बोल,” ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, “तुझा कागद इथं भिंतीवर लावलाय, मीटरच्या बाजूला. पुरात गेला होता, पुन्हा छापून लावला. त्यात एक माहिती दीर्घ पडली होती, ती तेवढी लाल केली आहे. राग नाही ना आला?” आला होता सर, मी म्हटलं. “येऊ दे,” ते म्हणाले. “पेन आहे का जवळ? घे.”

श्रुतलेखन घालतात तसे त्यांनी आकडे सांगितले, तीन-तीनचे गट करून, प्रत्येक गटानंतर थांबून. मग म्हणाले, वाचून दाखव. मी वाचून दाखवले. एक आकडा मी मागं-पुढं लिहिला होता, तो त्यांनी दुरुस्त करवून घेतला. त्यांच्या बाजूला माउसची टिचकी ऐकू आली, माझी स्क्रीन क्षणभर पांढरी झाली, आणि त्यांचा कॉम्प्युटर समोर आला. नोटपॅड आधीच उघडून ठेवलेलं होतं. वरच्या ओळीत एकच शब्द होता.

‘ये.’